सेल्फ का लागत नाही : वाटेत हरवणारा दाब
मोटारीची विद्युत्-व्यवस्था : लेखांक ७

चावी फिरवूनही इंजिन फिरत नाही, तेव्हा सारा दोष बॅटरीच्या माथी मारून ती बदलण्याचा जो प्रघात पडला आहे, तो खर्चिक असून पुष्कळदा निष्फळही ठरतो. स्टार्टर, म्हणजे बोलीतला सेल्फ, लहान पेट्रोल गाडीतही शंभर-दीडशे अँपिअर प्रवाह ओढतो, तर हेडलाइटच्या साध्या हॅलोजन बल्बला जेमतेम पाच अँपिअर पुरतात. म्हणून दिवे लागतात आणि हॉर्न वाजतो एवढ्यावरून बॅटरी वा तिच्या केबल शाबूत असल्याचा निष्कर्ष काढता येत नाही.

पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीचे सहा घट मिळून सुमारे १२.६ व्होल्ट दाब देतात, परंतु हा आकडा विश्रांतीचा आहे. सेल्फ फिरत असताना तोच दाब ९.६ व्होल्टच्या खाली गेला, तर बॅटरी दुबळी झाल्याचा, क्वचित सेल्फच जाम होऊन अवाजवी प्रवाह ओढत असल्याचा संशय घ्यावा. याउलट दाब साडेदहाच्या वर टिकूनही सेल्फ रेंगाळत असेल, तर तो दाब वाटेतल्या एखाद्या सांध्यात किंवा खुद्द मोटरीच्या झिजलेल्या कार्बन ब्रशांत खर्ची पडत असतो.

ही गळती रोध मोजून सापडत नाही. ओहमच्या नियमानुसार ०.०१ ओहम इतका क्षुल्लक रोधही १५० अँपिअरला दीड व्होल्ट गिळतो, आणि साध्या मल्टिमीटरला तो रोध दिसतच नाही. बहुतेक तारा तुटून दोन-चारच उरलेली केबलही त्यावर निर्दोष ठरते. म्हणून दाबघट, म्हणजे प्रवाह वाहत असताना दोन बिंदूंमधला दाबाचा फरक, मोजावी लागते. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, हँडब्रेक ओढून आणि इंजिन चालू होणार नाही अशी तजवीज करून, मीटरची एक सळई बॅटरीच्या धन खुंटावर (वरच्या पकडीवर नव्हे, कारण दोष बहुधा त्या दोहोंमध्येच दडलेला असतो) आणि दुसरी सेल्फच्या जाड बोल्टवर टेकवावी, व सहायकाने काही सेकंदच सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक आला, तर दुसरी सळई बॅटरीच्या दिशेने एकेक सांधा मागे आणत जावी. ज्या सांध्यापाशी आकडा एकदम उतरतो, तिथे दोष असतो.

ऋण बाजूची उपेक्षा मात्र अनाकलनीय आहे. इंजिन रबरी आधारांवर बसलेले असल्यामुळे परतीचा सारा प्रवाह अर्थच्या पट्टीतून जातो, आणि कोकणपट्टीच्या खाऱ्या, दमट हवेत तिचे बोल्ट लवकर गंजतात. ऋण खुंट व सेल्फचे अंग यांत ०.२ व्होल्टहून अधिक घट आढळल्यास पट्टी काढून धातू चकचकीत होईपर्यंत घासावा.

सेल्फ मारताना येणारी सलग टकटक अशा घटीची किंवा दुबळ्या बॅटरीची खूण असते. सोलेनॉइड, म्हणजे मुख्य प्रवाह जोडणारा चुंबकी स्विच, संपर्क जोडताच दाब कोसळतो, चुंबकाची पकड सुटते, संपर्क तुटल्यावर दाब सावरतो आणि तो पुन्हा ओढला जातो. एकच ठाम टक होऊन सारे शांत राहिले आणि दिवेही मंदावले नाहीत, तर मुख्य प्रवाह सुरूच झालेला नसतो; त्याला कारणीभूत होणारी सोलेनॉइडच्या आतील तांब्याच्या संपर्कांची झीज पुढील लेखांकात पाहू.