लोखंडाला घाम येतो तेव्हा

मेकॅनिकलवाल्यांना इनप्लांट ट्रेनिंगला पाठवतात ते शिकायला. मी मात्र पहिल्याच आठवड्यात भोसरीतल्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नुकसान करून दाखवलं. महिना जुलैचा. स्टोअर म्हणजे पत्र्याची मोठी शेड, आत रॅकवर ग्राइंडिंग झालेले शाफ्ट, अगदी आरशासारखे. इन्स्पेक्शन व्हायचं होतं म्हणून अजून तेल लावलेलं नव्हतं. रात्रभर पाऊस पडून सकाळी दहाच्या सुमाराला ऊन आलं होतं आणि आत कोंदट वास येत होता.

मी म्हटलं, "काका, शटर उघडा की, जरा हवा खेळू दे."

स्टोअर सांभाळणारे काका म्हणाले, "नको ताई, लोखंडाला घाम येईल."

मला हसूच आलं. मी सरळ सुपरवायझरना जाऊन सांगितलं, त्यांनाही पटलं, शटर वर गेलं. तासाभराने शाफ्टवरून बोट फिरवलं तर ओलं! दुसऱ्या दिवशी तांबूस ठिपके. दोनतीन शाफ्टवर तर माझ्याच बोटांचे ठसे गंजाने छापून आले होते, पुरावा म्हणून. अख्खा लॉट पॉलिशिंगला परत गेला. तिथे काम मायक्रॉनमध्ये चालतं, त्यामुळे घासताना ज्यांचं माप गेलं ते शाफ्ट भंगारात.

ड्यू पॉइंटची व्याख्या मी थर्मोच्या पेपरात लिहून मार्क मिळवलेले आहेत. पण काकांचा 'घाम' म्हणजे तोच, हे डोक्यात आलं नाही. गार पाण्याने भरलेल्या स्टीलच्या तांब्याला बाहेरून पाणी सुटतं ना, तसंच हे. हवा जितकी गरम तितकी वाफ जास्त मावते. एक घनमीटर हवेत २० अंशाला साधारण १७ ग्रॅम, ३० अंशाला ३० ग्रॅम. त्या दिवशी बाहेरची हवा २७ अंश आणि आर्द्रता ८० टक्के धरा. म्हणजे घनमीटरला साडेवीस ग्रॅमच्या आसपास वाफ. हीच हवा २३ अंशांपर्यंत गार झाली की ती शंभर टक्के भरते, त्याखाली पाणी सुटतं. आणि रॅकवरचं लोखंड रात्रभर गार होऊन २२ अंशावर बसलेलं! हवा मिनिटांत तापते, पण टनभर लोखंड तापायला अर्धा दिवस जातो. तेवढा वेळ ते शाफ्ट तांब्याचं काम करतात.

गंजायला दिसेल इतकं पाणी लागतं असंही नाही. ब्रिटिश शास्त्रज्ञ व्हर्नन यांनी १९३० च्या दशकात दाखवलं की हवेत सल्फर डायऑक्साइड असेल तर साधारण ६० टक्के आर्द्रतेच्या पुढे लोखंडाचं गंजणं एकदम वेग घेतं. म्हणून स्टोअरची आर्द्रता ५० च्या आसपास ठेवायची असते. मीठ ७५ टक्क्यांच्या पुढे हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. मेसमधली मिठाची डबी ऑगस्टमध्ये बघा. घामाच्या बोटांत तेच मीठ असतं, म्हणून ते ठसे. हातमोजे घाला असं मला आधी सांगितलं होतं, हे इथे कबूल करते.

मग उपाय काय? लायब्ररीतल्या परदेशी पुस्तकात साधा उपाय दिलाय, गोदाम थोडं गरम ठेवा. त्यांच्याकडे ते बरोबरच आहे. हिवाळ्यात बाहेर ५ अंश आणि ९० टक्के असेल तर हवेत जेमतेम सहा ग्रॅम वाफ असते. ती हवा १६ अंशांपर्यंत तापवली की आर्द्रता ४५ टक्क्यांवर येते, काम झालं. आपल्याकडे पावसाळ्यात २४ अंश, ९० टक्के. इथे ५० टक्क्यांवर यायला हवा ३५ अंशांपर्यंत तापवावी लागेल. शाफ्ट वाचतील, काका भाजून निघतील.

सुपरवायझर म्हणाले, एसी बसवू. तोही धोक्याचा आहे. एसीने लोखंड आणखी गार होतं, आणि ट्रक लोड करायला शटर उघडलं की पुन्हा तांब्या. सिलिका जेलच्या पुड्या टाका असंही कुणी म्हणालं. मी हिशोब केला. १० बाय ६ मीटरची, ४ मीटर उंचीची खोली म्हणजे २४० घनमीटर. ८० टक्क्यांवरून ५० वर यायला जवळजवळ १.८ लिटर पाणी काढावं लागतं. त्याला सिलिका जेल सहासात किलो तरी हवं, आणि शटर एकदा उघडलं की सगळं पहिल्यापासून. पुड्या सीलबंद पिशवीच्या आतच उपयोगी.

खरं काम करतो तो डीह्युमिडिफायर. गार कॉइलवर हवेतलं पाणी पाडायचं आणि तीच हवा गरम कॉइलवरून परत खोलीत सोडायची. म्हणजे पाणी जातं आणि लोखंडही गारठत नाही. पण शेडच्या फटी बुजवल्या नाहीत तर तो बिचारा अख्ख्या भोसरीची हवा सुकवत बसेल. त्याची मंजुरी माझं ट्रेनिंग संपेपर्यंत आली नव्हती. तोवर शाफ्ट मशीनवरून उतरले की लगेच तेल आणि व्हीसीआय कागद, इन्स्पेक्शन नंतर, असं ठरलं. या कागदातून निघणारी वाफ लोखंडावर पातळ थर धरते. फक्त ओला शाफ्ट गुंडाळायचा नाही, नाहीतर ओल आतच कोंडते.

शटरचा नियम मात्र बदलला. स्टील रंगवणारे पृष्ठभाग ड्यू पॉइंटपेक्षा किमान ३ अंश गरम असल्याशिवाय ब्रश लावत नाहीत. आम्ही तेच उचललं. एका भंगारातल्या शाफ्टला थर्मामीटर टेपने चिकटवला, दाराबाहेर ह्युमिडिटी मीटर टांगला आणि ड्यू पॉइंटचा तक्ता मी मराठीत लिहून भिंतीला लावला. काका तो बघतात, पण आधी शाफ्टला हाताची मागची बाजू लावतात. मी पंधरा दिवस ताडून बघितलं. त्यांचा अंदाज दोनदाच चुकला.