जीवशास्त्र सोडू नका, शब्दांची वही करा

दहावीपर्यंत आपली बरीच मुले मराठीतून शिकतात. 'विज्ञान आणि तंत्रज्ञान' भाग २ मधली पेशी, आनुवंशिकता सारे समजते. अकरावी सायन्सला मात्र पुस्तक इंग्रजी. पहिल्याच महिन्यात आमची मुलगी रडून म्हणाली, जीवशास्त्र सोडते. तिला तंतुकणिका ठाऊक होती, मायटोकाँड्रिया नव्हता! मग आम्ही एक वही केली. हरितलवक म्हणजे क्लोरोप्लास्ट, पेशीभित्तिका म्हणजे सेल वॉल. रोज जेवणानंतर दहा शब्द. तिच्या आजीलाही पाठ झाले.

पालकांनो, मुलांना घाईने विषय बदलू देऊ नका. डॉक्टरीच्या 'नीट' परीक्षेत ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे. बी.एस्सी. नर्सिंगलाही हा विषय लागतो. वही दहावीच्या सुट्टीतच सुरू करा. आम्हाला उशीर झाला होता.