सही फक्त तिचीच!

"मिस्टरांना घेऊन या, त्यांची सही लागेल." पुण्यातल्या एका नर्सिंग होमच्या रिसेप्शनवर माझ्या मैत्रिणीला हे ऐकवलं गेलं. पाळी चुकून दोन आठवडे झालेले, किटवर दोन रेघा, आणि मिस्टर मुळात अस्तित्वातच नाहीत! बिचारी निमूट परत फिरली. खरं तर कायद्याला ही सही कधीच नको होती.

गर्भपाताचा कायदा १९७१चा. त्याआधीच्या समितीचे अध्यक्ष शांतिलाल शाह महाराष्ट्राचेच आरोग्यमंत्री. पण 'गर्भनिरोधक फसलं' हे कारण तेव्हा फक्त विवाहितेलाच देता यायचं. २०२१च्या दुरुस्तीत 'नवरा' जाऊन 'जोडीदार' आला. आता अठरा पूर्ण झालेल्या कुणाही मुलीची स्वतःची लेखी संमती पुरते. तिचं नाव बाहेर फोडणं गुन्हा आहे. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं, वीस ते चोवीसमध्ये दोघांचं, तेही ठरावीक कारणांसाठीच. २०२२मध्ये सुप्रीम कोर्टाने अविवाहित मुलींनाही त्यात घेतलं. अर्थात, मागितला की मिळाला असा हा हक्क अजूनही नाही; शेवटचा शब्द डॉक्टरचाच, हे मला खटकतंच.

आठवडे मोजायचे ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी काम होतं: आधी मिफेप्रिस्टोन, मग एक-दोन दिवसांनी मिसोप्रोस्टॉल. (बहात्तर तासांत घ्यायची ती इमर्जन्सी गोळी वेगळी, बरं का!) पण केमिस्टकडून परस्पर आणून गिळू नका. गर्भ नळीत असेल तर या गोळ्या काम करत नाहीत आणि नळी फुटली तर जिवावर बेततं. म्हणून आधी डॉक्टर. गोळ्यांनंतर पोटात कळा आणि रक्तस्राव होणारच. मात्र सलग दोन तास, तासाला दोन-दोन पॅड भिजले तर थेट हॉस्पिटल गाठा. नऊ आठवड्यांनंतर बहुधा व्हॅक्यूम पद्धत वापरतात. कुणी अजून 'क्युरेटिंग'च सुचवलं तर 'व्हॅक्यूम का नाही?' असं बिनधास्त विचारा. खासगी सेंटर असेल तर भिंतीवर सरकारी मान्यतेचं सर्टिफिकेट लावलेलं हवं, तेही बघा.

आणि मूल जन्माला घालायचं, पण सांभाळणं शक्य नाही, असं ठरलं तर? बाळ बालकल्याण समितीकडे कायदेशीर सोपवता येतं, आणि मन बदललं तर फेरविचाराला दोन महिने मिळतात. ठरवताना डोकं भणभणत असेल तर सरकारच्या 'टेली मानस'चा १४४१६ हा फुकट नंबर आहे, मराठीतही बोलतात.