दीड लोणार ज्वारी

चांगल्या ज्वारीचे शंभर दाणे मोजून सोनाराच्या काट्यावर ठेवले, तर वजन तीन ग्रॅमच्या आसपास भरतं. पासवर्डची ताकद समजून घ्यायला मला याहून चांगलं माप सापडलेलं नाही. एक शक्य पासवर्ड म्हणजे एक दाणा. आपला दाणा ढिगात कुठेतरी दडलेला असतो आणि चोराला नेमका तोच हवा असतो.

एटीएमचा चार आकडी पिन घ्या. ०००० पासून ९९९९ पर्यंत दहा हजार दाणे, म्हणजे ३०० ग्रॅम. तीन-चार भाकरींची ज्वारी. यूपीआयच्या सहा आकडी पिनचे दहा लाख दाणे झाले तरी वजन ३० किलोच, अर्धं पोतंही नाही. एवढ्याशा ढिगावर आपण पैसे ठेवतो आणि ते बहुतेक वेळा टिकतात, कारण काही चुकांनंतर बँक दार लावून घेते. चोराच्या हाती परातीतले तीन-चार दाणे लागतात, तेवढेच.

पासवर्डच्या राशीला असा राखणदार नेहमी मिळत नाही. एखाद्या कंपनीचा सर्व्हर फुटला की ग्राहकांची सगळी यादी चोराच्या घरी पोचते. त्या यादीत सहसा पासवर्ड नसतो, त्याचा ‘हॅश’ असतो. हॅश म्हणजे दाण्याचं पीठ समजा. पिठावरून मूळ दाणा सांगता येत नाही. मग चोर एकेक दाणा स्वतः दळतो आणि पीठ जुळतं का पाहतो. तिथे त्याला अडवायला कोणी नसतं, आणि त्याची चक्की भयानक वेगवान असते. ‘एमडी५’ ही जुनी पद्धत वापरली असेल, तर गेम खेळण्यासाठी २०२२ पासून दुकानात मिळणारं एक महागडं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा हजार कोटींहून जास्त दाणे दळतं.

आता मोबाइल नंबरच पासवर्ड म्हणून ठेवणाऱ्यांचं पाहू. ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणारे दहा आकडी नंबर ४०० कोटी होतात. ज्वारीत १,२०० क्विंटल. खामगावच्या बाजार समितीत एवढा माल उतरवायचा तर हमालांचा दिवस जाईल. त्या कार्डाला पापणी लवण्याएवढा वेळही लागत नाही. इंग्रजीची आठ छोटी अक्षरं घेतली तर २०,८८२ कोटी दाणे, ६२ हजार क्विंटलच्या वर. दोन सेकंद.

मोठी अक्षरं, छोटी अक्षरं, आकडे आणि खुणा मिळून कीबोर्डवर ९५ चिन्हं आहेत. त्यांतून आठ घेतली की दाणे होतात सुमारे ६६ लाख अब्ज. हे पोत्यांत मोजण्यात अर्थ नाही, म्हणून आपल्या बुलडाणा जिल्ह्यातलं सगळ्यात मोठं भांडं काढू: लोणारचं विवर. काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर, खोली सुमारे १३७ मीटर. वाडग्यासारखा आकार धरून ढोबळ हिशेब केला, तर त्यात १८ कोटी घनमीटर ज्वारी मावते. एका घनमीटरमध्ये अडीच कोटी दाणे. म्हणजे आठ चिन्हांच्या सगळ्या पासवर्डना जवळपास दीड लोणार लागतात. हा आकडा निघाला तेव्हा मी हिशेब पुन्हा पुन्हा तपासला. तरी खरा धक्का पुढे आहे: दीड लोणार ज्वारी ते एक कार्ड सुमारे साडेअठरा तासांत दळून संपवतं.

आणखी चारच चिन्हं वाढवा. बारा. आता लोणारसारखी बारा कोटी विवरं लागतील. ती ज्वारी अख्ख्या भारतावर पसरली तर थर साडेसहा किलोमीटरचा होतो, चार कळसूबाई एकावर एक. त्याच कार्डाला पूर्ण रास दळायला १ लाख ७० हजार वर्षं. काही कंपन्या ‘बीक्रिप्ट’सारखी मुद्दाम संथ चक्की वापरतात, तिथे हेच कार्ड सेकंदाला लाख-दोन लाखांवर येतं. पण कोणाकडे कोणती चक्की आहे हे ग्राहकाला दिसत नाही. लांबी मात्र आपल्या हातात असते.

एक अट आहे आणि ती फार महत्त्वाची आहे. दाणा डोळे मिटून उचललेला हवा. ‘गजानन@१२३’ इंग्रजी अक्षरांत लिहिलं की अकरा चिन्हं होतात, कागदावर अफाट रास. पण शेगावची ओढ असलेल्या घरांत हे नाव किती जणांच्या मनात पहिलं येत असेल! जिजाऊंचं नाव आणि १५९८, शिवरायांचं नाव आणि १६७४, मुलीचं नाव आणि जन्मवर्ष, हेही तसंच. चोर रास तळापासून उपसत नाही. माणसांना सुचणारे शब्द तो आधी मुठीत घेतो. २००९ मध्ये ‘रॉकयू’ कंपनीचे ३ कोटी २० लाख पासवर्ड फुटले. ते दळलेलेही नव्हते, साधे लिहून ठेवले होते. त्यांतल्या सुमारे २ लाख ९० हजार जणांचा पासवर्ड एकच होता: १२३४५६. तेव्हापासून ती यादी चोरांच्या मुठीतच आहे. एक पासवर्ड पाच ठिकाणी वापरला असेल, तर एका ठिकाणची चोरी पाचही कुलपं उघडते. जिथे सोय आहे तिथे ओटीपीसारखं दुसरं कुलूप लावलंच पाहिजे.

डोळे मिटून उचलायचं म्हणजे कसं? आर्नल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये सापशिडीच्या फाशाचा उपाय दिला. पाच वेळा फासा टाकला की ७,७७६ वेगवेगळे निकाल शक्य असतात, म्हणून यादीत तेवढेच क्रमांक दिलेले शब्द. यादी इंग्रजीच हवी असं नाही. तीस वेळा फासा टाकून सहा शब्द काढायचे: वखर, कंदील, सुपारी, उंबरठा, टपाल, मांजर. शब्द आवडला नाही म्हणून बदलायचा नाही. भारतावर अडीच किलोमीटरहून जाड थर देणारा हा पासवर्ड शाळकरी पोरही दोन दिवसांत पाठ करतं.

हे सहा शब्द एकाच कुलपासाठी, पासवर्ड मॅनेजरसाठी. बाकीचे लांबलचक पासवर्ड तो स्वतः तयार करतो आणि लक्षातही ठेवतो. आणि पाठांतर दगा देईल अशी धास्ती असेल, तर ते शब्द वहीच्या कागदावर लिहून लोखंडी कपाटात, घराच्या कागदपत्रांखाली ठेवावेत. तिथवर त्या कार्डाचा हात पोचत नाही.