बाजारात तुरी

‘बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी’ ही म्हण आपण सर्वांनी शाळेत पाठ केली आहे. तुरी अजून बाजारातच आहेत, घरात दाणा आलेला नाही, आणि त्यांचे काय करायचे यावरून नवराबायकोची जुंपली आहे! मुले हसतात, गुरुजी फळ्यावर अर्थ लिहून देतात आणि वर्ग पुढच्या म्हणीकडे वळतो. मला या म्हणीचा अर्थ कळला तो मात्र वर्गात नव्हे. धानोऱ्याला, एका शेतकऱ्याच्या ओट्यावर.

धानोरा आमच्या नंदुरबार जिल्ह्यातले. २०१६ च्या डिसेंबरात तिथे एका विद्यार्थ्याच्या घरी गेलो होतो. दोन एकरांत तूर उभी होती, शेंगांनी लगडलेली. घराच्या भिंतीवर खडूने गणित मांडले होते : दहा क्विंटल गुणिले दहा हजार, बरोबर एक लाख. हा भाव काही हवेतला नव्हता. आदल्या हंगामात तुरीने दहा हजारांचा टप्पा ओलांडलेला सगळ्यांनी पाहिला होता. गणिताखाली यादी : मोटारसायकल, कुडाच्या जागी विटांची भिंत, धाकट्याचे शिक्षण. आणि मोटारसायकल कोणी चालवायची यावरून दोघा भावांत अबोला! तूर तर अजून शेतातच होती.

पुढे काय झाले ते आपणांस ठाऊक आहे. सगळ्यांनीच तूर पेरली होती, पाऊसही बरा झाला. देशातले तुरीचे पीक एका वर्षात जवळजवळ दुप्पट झाले आणि भाव कोसळला. बोनस धरून हमीभाव ५,०५० रुपये होता. पण खरेदी केंद्रांवर रांगा लागल्या, कुठे बारदान संपले. या घराने वाट पाहून पाहून ४,२०० ने माल व्यापाऱ्याला घातला. दहा क्विंटलचे बेचाळीस हजार आले.

मार्चमध्ये पुन्हा गेलो, तेव्हा घरातला म्हातारा मला म्हणाला, “सर, गेल्या साली पाऊस नव्हता. दोनच क्विंटल तूर झाली, अठरा हजार आले. तेव्हा घरात गोडाचं केलं होतं. यंदा बेचाळीस आले, अन् घरात कोणी धड जेवत नाही. हे कसं हो?”

म्हाताऱ्याच्या या प्रश्नाला उत्तर आहे. विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९० साली आपल्या ग्रंथात ते चक्क अपूर्णांकात मांडले. वर अंशाच्या जागी यश, खाली छेदाच्या जागी अपेक्षा. भागाकार येईल ते आपले स्वतःविषयीचे समाधान. शिक्षक मंडळींना पुढचे सांगायला नको. अंश वाढला, पण छेद त्याहून भराभर वाढला, तर भागाकार घटणारच. या घरी अंश अठरावरून बेचाळीस झाला आणि छेद झाला शंभर! जे अठ्ठावन्न हजार ‘बुडाले’ म्हणून घर रडत होते, ते कधी उंबऱ्याच्या आत आलेच नव्हते. पण तीन महिने मनाने ते खर्च केले होते, त्या मोटारसायकलवरून मन फिरूनही आले होते. मनात मिळालेली वस्तू गेली तरी हातातली गेल्यासारखीच लागते.

आता यावर कोणी म्हणेल, मग छेदच लहान करा. गरिबाने अपेक्षा ठेवूच नये. हा उपदेश मला पटत नाही. तो बहुधा भरल्या पोटी केला जातो. हमीभावाने माल विकला जावा, मुलाने शिकावे, भिंत विटांची असावी, या अपेक्षा सोडून का द्यायच्या? भाव पडला यात त्या घराचा दोष नव्हता. दोष असलाच तर अपेक्षेचा नव्हे, मनोराज्याचा. या दोहोंत फरक आहे.

हा फरक गाब्रिएले ओटिंगेन या जर्मन बाईंनी तपासून पाहिला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नोकरीच्या शोधातले पदवीधर होते. ‘मला नोकरी मिळेल’ अशी ज्यांना खात्री होती, त्यांचे पुढे बरे चालले. पण नोकरी लागली आहे, सगळे कौतुक करताहेत, अशी गोड चित्रे जे वरचेवर मनात रंगवीत होते, त्यांनी दोन वर्षांत अर्जच कमी केले. नोकऱ्या कमी आल्या आणि पगारही कमी मिळाला. २०११ च्या दुसऱ्या एका प्रयोगात असे दिसले, की असली चित्रे रंगवताना माणसाचा रक्तदाबसुद्धा थोडा उतरतो. म्हणजे शरीर समजते, काम झाले, आता विसावा घ्या! मनातले मांडे खाऊन पोट भरत नाही, हे आपल्याला ठाऊक होते. त्याने भूक मात्र मरते, ही यातली नवी गोष्ट.

मग स्वप्न पाहावे तरी कसे? बाईंचे म्हणणे असे, की हवी ती गोष्ट डोळ्यांसमोर आणावी आणि लगेच तिच्या वाटेतला अडथळाही आणावा. आपल्याकडे गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी काही न वाचता हेच केले असे मला वाटते. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. मातीत तयार झालेल्या या मल्लाला गादीवरची कुस्ती नवखी होती. अडथळा दिसला; पुढची चार वर्षे ते त्याच्याशी झुंजले, आणि १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले. पदकाचे स्वप्न त्यांनी पाहिले नसेल असे कोण म्हणेल? पण त्या स्वप्नात गादीही होती.

त्या विद्यार्थ्याला मी एवढेच म्हटले होते, “बाळ, पुढच्या वर्षी भिंतीवर एकच भाव लिहू नकोस.” प्राध्यापकांचे बोलणे मुले किती मनावर घेतात हे मला ठाऊक असल्याने मी ते विसरूनही गेलो होतो.

पुढे दोनेक वर्षांनी पुन्हा धानोऱ्याला जाणे झाले. भिंत नव्याने सारवलेली होती आणि तिच्यावर खडूचे दोन रकाने होते : एकावर ‘भाव मिळाला तर’, दुसऱ्यावर ‘पडला तर’. दुसऱ्या रकान्यात धाकट्याची फी तेवढी होती, बाकी सगळे खोडलेले. अंगणात एक जुनी, दोनतीन हातांतून आलेली मोटारसायकल उभी होती. ती कोण चालवतो, हे विचारायचे मी मुद्दाम टाळले.