मासळीची बातमी आणि चौकची वही

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. आपल्या किनाऱ्यावर हा हिशेब लहान पोरंही बोटांवर करत आली आहेत. वसईच्या खाडीच्या तोंडाशी, धारावी किल्ल्याच्या पायथ्याला असलेल्या चौक गावात तर सगळा धंदाच त्यावर उभा आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वसईच्या आधी हे धारावी बेट घेतलं. खाडीचं तोंड ज्याच्या हाती त्याला किती मोल असतं, हे इथे उभं राहिलं की कळतं.

चौक, पाली, भाटेबंदर, उत्तन ही डोलकरांची गावं. डोल हे जाळं माशाच्या मागे धावत नाही. समुद्राच्या तळात रोवलेल्या खुंटांच्या आधाराने डोल प्रवाहाकडे तोंड करून उभी राहते आणि पाण्याच्या ओढीने मासळी आपोआप खोल्यात, म्हणजे जाळ्याच्या शेवटच्या पिशवीत, जाऊन साठते. म्हणून उधाणाला बोंबील, जवळा, करंदी, मांदेली यांची रास लागते आणि भांगाला, पाण्याची ओढ मंद असताना, जाळं हलकं येतं. इथल्या बातमीचा स्वभावही त्यातूनच घडला. फिरत्या जाळ्याचा नाखवा आपली जागा लपवतो, कारण दुसऱ्याने ती गाठली की त्याची मासळी गेली. डोलकराची कव, म्हणजे डोल लावायची ठरलेली जागा, मात्र सगळ्या गावाला ठाऊक असते. लपवण्यासारखं फारसं काही नसल्यामुळे कुणाला कुठल्या पाण्याला काय मिळालं, ही बातमी बंदरावर मोकळेपणाने फिरते.

पूर्वी ही बातमी बोट काठाला लागल्यावरच कळे. तांडेल बोले, खलाशी घरी सांगत आणि पक्का हिशेब राही तो बायकांच्या डोक्यात. किती पाट्या ओल्या विकल्या, किती बोंबील जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने बांबूंवर चढले, कुठल्या महिन्यात बांबू रिकामे राहिले, हे त्यांना विचारावं. मला या नोंदवहीबद्दल फार आदर वाटतो. दुःख एवढंच, की ती वही त्या बाईबरोबरच मिटते.

मग वायरलेस आला, पाठोपाठ मोबाइल. केरळच्या उत्तर किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात मोबाइलने काय घडवलं, ते रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने २००७ मध्ये मांडलं. पाण्यात असतानाच भाव कळू लागल्यावर बंदराबंदरांतली भावाची तफावत घटली, तारली फेकून देणं जवळजवळ थांबलं, मच्छीमारांचा नफा सुमारे ८ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाईकालाही मासळी थोडी स्वस्त पडली.

आकाशातूनही बातमी येऊ लागली. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था १९९९ पासून काम करते आहे. समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य उपग्रहातून पाहून मासळी कुठे सापडण्याचा संभव आहे, ते ती कळवते. पर्ससीनवाल्याला, ट्रॉलरला ते उपयोगी आहे. पण ज्याचं जाळं खुंटाला बांधलेलं आहे, त्याने तिथवर जायचं कसं? डोलकरासाठी ही बातमी अजून परकीच आहे.

२००८ च्या २६ नोव्हेंबरनंतर बंदरावर नवी वही आली. मुंबईवर हल्ला करणारे दहशतवादी समुद्रातून आले होते, तेव्हा किनाऱ्यावर बोट कोणाची, खलाशी किती, निघाली कधी, परतली कधी याची नोंद सुरू झाली, ओळखपत्रं आली. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरच्या कार्यक्रमातून बोटींवर एक लाख ट्रान्सपॉन्डर बसवण्याची योजना सुरू झाली. वादळात जीव वाचवणारं साधन म्हणून मी त्याचं मनापासून स्वागत करतो. तरीही खटकतं. माणसं किती गेली आणि किती आली याची नोंद होते, पाट्या किती आल्या याची त्या वहीत जागाच नाही.

मासळीची नोंद कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था ठेवते. तिचे कर्मचारी निवडक बंदरांवर, निवडक दिवशी काही बोटींची मासळी नोंदवतात आणि त्यावरून राज्याचा अंदाज बांधला जातो. शास्त्र म्हणून ती पद्धत चोख आहे. २०१९ मध्ये महाराष्ट्रात जेमतेम २.०१ लाख टन मासळी उतरली, तोवरच्या ४५ वर्षांतली सर्वांत कमी, हे तिनेच सांगितलं. त्या वर्षी क्यार आणि महा ही वादळं ऐन हंगामात लागोपाठ आली होती. पण त्या दोन लाख टनांत चौकच्या वाट्याला काय आलं आणि काय गेलं, ते कुठल्याच आकड्यात दिसत नाही.

वादळाची भरपाई मागताना हे नडतं. कवींच्या हद्दीवरून सातपाटी-पालघरच्या मच्छीमारांशी होणाऱ्या जुन्या वादातही नडतं, कारण दोन्हीकडे आठवणी आहेत आणि कागद कोणाकडेच पुरेसा नाही. आज व्हॉट्सॲपवर पाट्यांचे फोटो फिरतात, पण दोन दिवसांत खाली सरकतात. फोन बदलला की गेलेच.

लहान मासळीच्या नियमासाठीही अशी नोंद हवी. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींच्या मासळीसाठी किमान लांबी ठरवली. बोंबलाची आहे १८० मिलिमीटर. डोलच्या खोल्याचा आस बारीक, त्यात लहानमोठं सगळंच येतं. कुठल्या महिन्यात, कुठल्या तिथीला, किती खोलीवर लहान बोंबील जास्त येतो, हे चौकच्या तांडेलाइतकं कोणाला ठाऊक असणार? तारीख, तिथी, कव, पाण्याची खोली, पाट्या आणि त्यातली लहान मासळी, एवढे सहा रकाने मच्छीमार सोसायटीच्या कपाटातल्या वहीत भरता येतील. सुरुवातीला बायकांनाच विचारून मागचे काही हंगामही लिहून काढता येतील, आणि हे काम १ ऑगस्टला पावसाळी मासेमारीबंदी उठायच्या आत, बोटी काठावर असतानाच हाती घ्यायला हवं.