खुबा दुखतोय? स्टेरॉइडबद्दलचे चार गैरसमज

2021 साली मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. संजय अगरवाला आणि सहकाऱ्यांनी ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’मध्ये तीन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. तिघेही चाळिशीच्या आतले, कोविडच्या उपचारात स्टेरॉइड घेतलेले. कोविडचं निदान झाल्यावर सरासरी 58 दिवसांत त्यांचा खुबा दुखू लागला. मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तिथलं हाड मरू लागलं होतं. या आजाराला अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस, थोडक्यात एव्हीएन म्हणतात.

छत्तीसगडमधल्या दुर्ग-भिलाईतल्या वाचकांनाही हे माहीत असायला हवं.

गैरसमज : वर्षानुवर्षं स्टेरॉइड घेतलं तरच हाडं बिघडतात.
वस्तुस्थिती : मोठा डोस थोड्या काळातही घात करू शकतो. मुंबईच्या तिघांना एकूण सरासरी 758 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड मिळालं होतं. दीर्घकाळ घेतल्यास दुसरं नुकसान होतं: हाड बांधणाऱ्या पेशी मंदावतात, आतड्यातून कॅल्शियम कमी शोषलं जातं, हाड ठिसूळ होतं. ही झीज पहिल्या काही महिन्यांतच सर्वाधिक होते.

गैरसमज : एक्स-रे नॉर्मल, म्हणजे काळजी नाही.
वस्तुस्थिती : एव्हीएनच्या सुरुवातीला एक्स-रे अनेकदा स्वच्छ दिसतो, एमआरआयमध्ये बदल आधी सापडतो. जांघेत किंवा खुब्यात दुखतं, कधी कळ थेट गुडघ्यात येते. गोळा खचण्याआधी निदान झालं तर सांधा वाचवायला वाव असतो. खचल्यावर बहुधा सांधेबदलाची वेळ येते.

गैरसमज : एव्हीएन म्हणजे स्टेरॉइडच.
वस्तुस्थिती : छत्तीसगडमध्ये सिकलसेल हा रक्ताचा आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. त्यात विळ्याच्या आकाराच्या लाल पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि खुब्याचा तोच गोळा मरतो. अतिमद्यपान हेही एक कारण. म्हणून भिलाईतल्या तरुण रुग्णाचा खुबा दुखत असेल, तर औषधांसोबत सिकलसेलचीही चौकशी व्हायला हवी.

गैरसमज : मग गोळ्या आजच बंद कराव्यात.
वस्तुस्थिती : हा सर्वांत धोकादायक समज. जून 2020 मध्ये ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत रोज 6 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन या स्टेरॉइडनं व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं घटले. दमा, ल्युपस, संधिवात यांतही स्टेरॉइड जीव आणि सांधे वाचवतं. शिवाय बराच काळ घेतल्यावर अचानक थांबवलं, तर शरीराची स्वतःची कॉर्टिसॉल-निर्मिती मंदावलेली असल्यानं रक्तदाब घसरून प्राणावर बेतू शकतं. डोस डॉक्टरांनीच टप्प्याटप्प्यानं उतरवावा. तीन महिन्यांहून जास्त काळ औषध चालणार असेल, तर रुग्णानं कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि हाडांच्या घनतेची तपासणी यांविषयी पहिल्याच भेटीत विचारावं. जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून पुन्हा गोळ्या आणू नयेत.